खालच्या पट्टीची कॅसेट

त्या कॅसेटचा निकाल आमच्या कामगार संघटनेच्या अभ्यासमंडळानं चहा निवायच्या आत लावला. हे नक्की कसलं संगीत आहे, एवढंच विचारायला मी ती नेली होती. एकानं थोडी ऐकली, बटण दाबून बंद केली आणि म्हणाला, "काळ्या लोकांचं फंक आहे हे, नाचायचं संगीत. त्यात इलेक्ट्रॉनिक वाद्यं घातलीत आणि चाल मंद केलीय. भांडवलशाहीची गुंगी आहे सगळी. कामगाराला सुस्त करायचं औषध."

याच अभ्यासमंडळात आदल्या महिन्यात अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या लढ्यावर दोन संध्याकाळी चर्चा झाली होती. म्हणजे ती माणसं मार खातात तेव्हा आपली, आणि वाजवायला बसली की गुंगी! मी तसं बोलून दाखवलं. "तू भावनिक होतेयस," असं उत्तर मिळालं. पोरीनं मुद्दा काढला की तो भावनिकच असतो. मी कॅसेट पिशवीत टाकली आणि घरी आले.

कॅसेट माझ्या थोरल्या भावाची होती. तिच्यावर कुणाचं नाव नव्हतं, असलंच तर घामानं आणि तेलकट बोटांनी पुसून गेलं होतं. कुणी वाजवलं, कुठल्या गावात, कशासाठी, मला आजही माहीत नाही. माझ्या भावाला वर्षभर त्याशिवाय दुसरं काही ऐकायला नको होतं, एवढं माहीत आहे. आणि त्याचं कारण कळायला आमच्या घराला फार वेळ लागला.

ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. दादा उद्यमनगरात हॅमर शॉपला होता. ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांना सांगते. लोखंडाचा लालभडक तुकडा चिमट्यानं साच्यात धरायचा आणि वरून यंत्राचा घण आदळायचा. परत धरायचा, परत आदळायचा. पाळी संपेपर्यंत हेच. बाहेरच्या चहाच्या गाड्यावर बशीत ठेवलेले कप नाचायचे. रस्त्यानं जाणाऱ्याला तो आवाज आधी तळपायांना कळायचा, मग कानांना. वडील महापालिकेच्या शाळेत मास्तर. मास्तरच्या पोरानं आयटीआय करून भट्टीपुढं उभं राहावं हे त्यांना रुचलं नव्हतं, पण दादाला ते काम आवडायचं. लाल लोखंडाला आकार येताना बघितलं की पोट भरतं, असं तो म्हणायचा.

आता आमच्या गावाचं एक सांगायला हवं. कोल्हापुरात हळू कुणी बोलत नाही. आम्हाला त्याचं कौतुक आहे, बाहेरून आलेल्यांनाही आहे. रांगडेपणा म्हणतात. आजाऱ्याच्या उशाशी बसून आम्ही "काय म्हणतंय दुखणं?" असं विचारतो की दोन घरं पलीकडच्या माणसानं उत्तर द्यावं. माया, भांडण, चौकशी, सगळं एकाच पट्टीत. असल्या गावात एखादा माणूस बहिरा होत चालला तर कळणार कसं? दादानं एका हाकेला ओ दिली नाही की आई दुसरी हाक जास्त मोठ्यानं मारायची, आणि पहिली काही लहान नसायची. तो स्वतः मोठ्यानं बोलायला लागला, तर मामा म्हणाला, "आता कसा गडी वाटतोय! आधी मास्तरावाणी पुटपुटायचा."

आधी तो रेडिओ ऐकायचा. बासरी त्याला फार आवडायची, आणि उंच गळ्याच्या बायकांची गाणी. दाढी करताना शीळ घालायचा. ती शीळ कधी बंद झाली ते कुणाच्या लक्षात आलं नाही. मग रेडिओ लावला की म्हणायला लागला, "नुसती खरखर हाय. बंद कर." वडिलांनी रेडिओ दुरुस्तीला नेला. दुकानदारानं खोलून बघितला, परत बंद केला आणि म्हणाला, "मास्तर, ह्याला काय झालंय? खणखणीत हाय की."

आम्ही घरी आलो आणि रेडिओवाल्याला शिव्या घातल्या.

कॅसेट आली उचगावहून. हॅमरवरचा दादाचा जोडीदार तिथला. त्याचा मेहुणा बोटीवर कामाला होता आणि सुट्टीला येताना कुठल्या कुठल्या बंदरातनं कॅसेटी घेऊन यायचा. जोडीदाराला त्यातली नाचायची तेवढी पाहिजे होती. ही नाचायची निघाली नाही, म्हणून त्यानं ती दादाकडं टाकली. दादानं नवा टेपरेकॉर्डर घेतला होता, गल्लीतला दुसराच. आतल्या खोलीत लोखंडी पेटीवर ठेवून त्यानं कॅसेट लावली, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात दुसरं काही वाजलं नाही.

आई वैतागली. "हे काय लावलंय रं? लांब कुठंतरी गिरण चाललीया असं वाटतंय."

"ऐक की जरा बसून."

"काय ऐकू? गाणाऱ्याचा पत्ता न्हाय. मधनंच एक बाई येतीया, दोन शब्द बोलतीया आणि जातीया. आली कशाला मग?"

दादा हसला. तिचं तोंड समोर होतं म्हणून त्याला ते कळलं, हा हिशेब मला पुढं लागला.

एका सुट्टीच्या दुपारी मी त्याच्या शेजारी जमिनीवर बसले. टीका करायची तरी पुरतं ऐकून करावी, एवढाच विचार होता. तो पेटीला पाठ लावून बसला होता आणि एक हात मागं टेपवर होता. मला वाटलं, धक्का लागून पडू नये म्हणून धरलाय.

ठेका नाचायचाच होता. तो ठेका कमरेला कळतो, शिकवावा लागत नाही. पण त्या माणसांनी तो इतका संथ केला होता की मिरवणुकीचा ठेका मयताच्या पावलांनी चालावा. खाली गिटारची जाड तार अंगठ्यानं उडवलेली. ती दोन पावलं पुढं यायची, मागं रेलायची आणि मधला एक ठोका मुद्दाम रिकामा सोडायची. त्या रिकाम्या जागेत माणसाला आपलं आपलं काहीतरी आठवायचं. ढोल यंत्राचा होता, माणसाचा हात त्यात नव्हता. यंत्राच्या ठोक्यांवरच आमचं अख्खं घर जेवत होतं, पण हे यंत्र कुणाला मारत नव्हतं. सिंथेसायझरचे सूरसुद्धा वर जायचे नाहीत. पाणी साचलेल्या खाणीवरून वारा फिरावा तसे तळाशीच फिरायचे. आणि ती बाई. काय बोलायची ते इंग्रजी मला कळलं नाही. पण रडून झाल्यावर, तोंड धुतल्यावर, माणूस ज्या आवाजात "काही नाही" म्हणतो तो तिचा आवाज होता.

मला हे आवडलं. का आवडलं ते सांगायला मला पत्रकाची भाषा उपयोगी पडत नाही, तरी सांगते. आमची सभेतली गाणी छाती पुढं काढायला लावतात. ती लागतात, मी ती गाते आणि गात राहीन. पण दिवसभर कारखान्यांच्या फाटकांवर घोषणा देऊन घसा फाडून आलेल्या मला आजवर कुठल्याही गाण्यानं "दमलीस ना, बस" असं म्हटलं नव्हतं. ही कॅसेट खांदे खाली सोडायला लावायची. दुःख आहे हे ती मान्य करायची, त्यावर लगेच ठराव मागायची नाही. आणि तरी पाय आत कुठंतरी हलत राहायचा. याला गुंगी म्हणणाऱ्यानं कधी भट्टीपुढं पाळी केली असेल असं मला वाटत नाही.

"आवडलं व्हय?" दादानं विचारलं.

मी मान हलवली.

"ह्यात सगळं लागतंय मला," तो म्हणाला. "बाकीची गाणी आजकाल नीट करतच न्हाईत."

मी तेही कौतुक समजून सोडून दिलं.

मग त्याच्या लग्नाचं निघालं. वारणानगरला एक स्थळ होतं. मुलीचे वडील तिथल्या दूधसंघात नोकरीला, कामगारांच्या वसाहतीत दोन खोल्या, घर नीटनेटकं. आई, वडील, मामा, दादा आणि मी एसटीनं गेलो. दादानं केस बसवले होते. पुरुषांच्या गप्पा झडल्या. साखर, दूध, हॅमर, पगार. सगळे आमच्याच तऱ्हेनं बोलणारे, समोरासमोर, मोठ्यानं. दादानं सगळ्याला फटाफट उत्तरं दिली. मुलीचा चुलता खूश झाला. "पावणं, पोरगा मोकळा हाय तुमचा."

मुलगी पोहे घेऊन आली. डोक्यावर पदर, मान खाली. आमच्याकडं बघायच्या कार्यक्रमात मुलीनं मान वर करायची नसते आणि आवाज तर नाहीच नाही. एरवी याच मुलीनं वसाहतीच्या या टोकापासनं त्या टोकाला हाक मारली असणार. पण त्या अर्ध्या तासात तिनं कुजबुजायचं, ही रीत. अख्ख्या मुलखात हळू बोलणारं माणूस शोधायचं तर ते फक्त इथंच सापडेल: पोह्याच्या बशा हातात घेतलेली मुलगी.

चुलता जरा पुढच्या विचाराचा होता. म्हणाला, "आमची पोरगी बारावी झालीया. तिला काय विचारायचं असंल तर विचारू द्या की. काळ बदललाय."

मला बरं वाटलं. मुलीनं जमिनीकडं बघत विचारलं, लग्नानंतर पुढं शिकले तर चालेल का? मी दाराजवळ तिच्या शेजारी बसले होते, मला स्पष्ट ऐकू आलं. दादा चुलत्याच्या तोंडाकडं बघत होता. चुलता गप्प. सगळे गप्प. तिनं परत विचारलं, पहिल्यापेक्षाही हळू. आईनं दादाला कोपरानं ढोसलं. त्यानं दचकून सगळ्यांची तोंडं बघितली, बशी खाली ठेवली आणि हसला.

मुलगी उठून आत गेली.

चार दिवसांनी मध्यस्थ आला. "पोरगीच न्हाय म्हणतीया. मी शिकायचं विचारलं तर दात काढून हसला, असल्या माणसाच्या घरात मला घालू नका, म्हणतीया." आई भडकली. "एवढा कसला माज!" मला त्या मुलीचा राग येईना. ती माझ्या संघटनेत असती तर मी तिची पाठ थोपटली असती. मी दादाकडं वळले. तो मागच्या दारात चपलेचा अंगठा शिवत बसला होता, पाठ माझ्याकडं. मी त्याला झाडणार होते. तोंड उघडलं, आणि काय झालं कोण जाणे, मला त्या मुलीचा आवाज आठवला. मी तेवढ्याच आवाजात म्हटलं, "दादा, तुला काय वाटतं तिच्या शिकण्याचं?"

तो शिवत राहिला.

मी जवळ गेले, परत म्हटलं. त्याच्या मानेमागं हातभर अंतरावर उभी राहून म्हटलं. तो दोरा दातानं तोडत होता. मग नेहमीच्या कोल्हापुरी आवाजात "दादा!" म्हणून ओरडले, तर वळला आणि म्हणाला, "काय गं बारके, घाबरवतीस की."

कानाच्या डॉक्टरांनी घंटा वाजवून, यंत्र लावून तपासलं. नंतर भिंतीवर हातानं जिना काढल्यासारखं दाखवून म्हणाले, "वरच्या पायऱ्या गेल्यात. बारीक आवाज, उंच आवाज, कुजबुज, पाखरं, हे सगळं गेलं. खालच्या पायऱ्या अजून उरल्यात." लहानपणी कान फुटला होता, त्यात ते काम. गेलेलं परत येत नाही. हॅमर आज सोडला तर उरलेलं टिकायची आशा आहे. नाही सोडला तर तेही जाईल.

रिक्षात दादा बाहेर बघत होता. आणि माझ्या डोक्यात ती कॅसेट वाजत होती. जाड तार, ढोल, ती बाई. तिचासुद्धा आवाज खर्जातला. त्या कॅसेटमधली एकही गोष्ट त्या जिन्याच्या वरच्या पायऱ्यांवर नव्हती. बासरी त्याला सोडून गेली होती, गाणाऱ्या बायका सोडून गेल्या होत्या, आईची अर्धी हाक गेली होती. कुठल्या तरी गावातल्या अनोळखी माणसांनी, त्याचा पत्ता ठाऊक नसताना, त्याला जेवढं ऐकू येतं तेवढ्यातच अख्खं घर बांधून दिलं होतं. तो सांगत होता ते खरंच होतं. ह्यात सगळं लागत होतं त्याला.

आता लढायला मुद्दा होता. मी आमच्या पुढाऱ्यांकडं गेले. ते म्हणाले, "मागण्यांत आवाज कुठं बसवायचा? बोनस आहे, कॅज्युअल सुट्ट्या आहेत. आवाज तर कारखान्याला असतोच." मी म्हटलं, पाऊसही असतोच, मग छप्पर का मागता? ते म्हणाले, पुढच्या वेळी बघू. मालक त्यांच्यापेक्षा बरा, त्यानं निदान उत्तर दिलं. "कापूस ठेवलाय की. घालत न्हाईत पोरं कानात. त्याला मी काय करू?"

मी पत्रक लिहिलं. छापून घेतलं आणि पाळी सुटताना फाटकावर उभी राहिले. "तुमचे कान हे तुमच्या पगारात धरलेले नाहीत," असं पहिलं वाक्य होतं. मला ते फार चांगलं वाटलं होतं. कामगार बाहेर आले. मी बोलायला लागले तर एकानं कानाला हात लावला. "काय म्हणतीस? मोठ्यानं बोल!" सगळे हसले. दुसऱ्यानं तोच विनोद केला, "ऐकू येईना, ताई!" परत हसू. माझं लक्ष मागच्या एका म्हाताऱ्याकडं गेलं. तो सगळ्यांच्या तोंडांकडं बघत होता आणि सगळे हसून झाल्यावर हसला. तसंच हसू मी वारणानगरात पाहिलं होतं.

घरी वडिलांनी दादापुढं पाटी धरल्यासारखं एकेक शब्द तोडून सांगितलं, "काम सोड. शाळेत शिपायाची जागा आहे. मी बोलतो." आई रडली. तिनं जोतिबाला नवस बोलला आणि त्याला डोंगरावर घेऊन गेली. तिथं ढोल घुमला आणि हजार माणसांनी एका दमात चांगभलं म्हटलं तेव्हा दादाचा चेहरा उजळला. आई वाटभर सांगत राहिली, "ऐकू आलं त्याला! मी बघितलं की माझ्या डोळ्यांनी!" आलंच होतं. खालच्या पायऱ्या होत्या ना अजून. म्हणून तर मी त्याच्या मागं लागले होते.

"सोड ना दादा. आहे तेवढं तरी राहील. कॅसेट तरी राहील."

तो माझ्या तोंडाकडं बघत होता. "बारके, तुला एक सांगतो. हॅमरवर मी भैरा न्हाय."

"म्हणजे?"

"तिथं कुणालाच ऐकू येत न्हाय. सगळी हातानंच बोलत्यात." त्यानं दाखवलं. तळवा उलटा, म्हणजे मार. दोन बोटं खाली, म्हणजे हळू. अंगठा ओठाला, म्हणजे चहा सांग. मूठ छातीवर फिरवली, म्हणजे साहेब आला, आणि स्वतःच हसला. "उचगाववाला मला हातानं जोक सांगतोय. मी त्येला सांगतोय. शाळेत शिपाई झालो तर? घंटा वाजलेली कळायची न्हाय मला. पोरं मागनं चिडवतील, तेबी कळायचं न्हाय. हितं घरात मी एकटाच भैरा हाय. तिथं कुणीच न्हाय."

मी चिडले, रडले, त्याला मूर्ख म्हणाले, मालकाला खुनी म्हणाले. तो सकाळी डबा घेऊन कामावर गेला.

कानातलं यंत्र घेऊन बघितलं. खिशात डबी, वर वायर. त्यानं गोंगाट वाढायचा, शब्द उमटायचे नाहीत. महिन्याभरात ते कपाटात गेलं. पुढच्या वर्षात टेपचं बटण थोडं थोडं वर सरकत गेलं. शेजारचे येऊन भांडायला लागले. मग बटण शेवटाला टेकलं आणि शेजाऱ्यांनी भांडायचंही सोडलं, त्यांना कळलं होतं. दादा टेपवर हात ठेवून बसायचा. मग हात ठेवून, डोळे मिटून. शेवटी टेप उचलून छातीवर घेऊन पडायचा.

गेल्या महिन्यात एका दुपारी त्यानं मला खोलीत बोलावलं. कॅसेट फिरत होती, सगळं घर थरथरत होतं. त्यानं आपल्या आवाजाचा अंदाज नसल्यासारखं, फार हळू विचारलं, "चालू हाय न्हवं?"

मी हो म्हणून मान हलवली. त्यानं फिरणाऱ्या चाकाकडं बघितलं, आणि तळहात माझ्यापुढं धरला. तो तळहात म्हणजे नुसता घट्टा आहे, निखाऱ्यानं आणि चिमट्यानं केलेला. मी त्यावर दोन बोटांनी ती जाड तार वाजवायला लागले. पुढं, पुढं, मागं.

"चुकलीस," तो म्हणाला. "तिथं एक सोडत्यात."

मी परत केलं. एक सोडला.

"हां." त्यानं डोळे मिटले. थोड्या वेळानं म्हणाला, "आता बाई येईल."

बाई आली. तिला बोटांनी कसं आणायचं ते मला सुचलं नाही. मी तळहात नुसता दाबून धरला. त्याच्या कपाळावरची आठी गेली, म्हणून मी परत तार धरली. बाजू संपली. बटण खट्कन वर आलं आणि खोली एकदम रिकामी झाली. बाहेर आई कुणाला तरी मोठ्यानं हाक मारत होती. त्याचे डोळे मिटलेलेच होते. मी बोटं थांबवली नाहीत.